मोजणी

आमच्या वॉर्डात पलंग दहा, मुक्काम दोन दिवसांचा.
तेवढ्यात बरं व्हायचं, नाहीतर वरच्या मजल्यावर जायचं,
नाहीतर... ते आम्ही फळ्यावर लिहीत नाही.

पलंग सात : गायधनी, एकाहत्तर, राहणार उपनगर.
रिक्षातून उतरवलं तेव्हा बायकोला वहिनी म्हणत होते.
बीपीसाठी मीठ तोडलेलं, वर लघवीची गोळी.
सोडियम एकशे तेरा.
डॉक्टर म्हणाले, सावकाश चढवा,
घाई मेंदूला महागात पडते.
म्हणून पंपावर थेंब थेंब,
दर चार तासांनी रक्त,
आणि रात्रभर मी.

दोन वाजता त्यांनी चादरीचा काठ धरला
आणि बोटं सुरू झाली.
अंगठा, तर्जनी, अंगठा, तर्जनी,
शंभरावर थबकून करंगळी आत.
"नोटांच्या प्रेसमध्ये चौतीस वर्षं,"
सुमनताई स्टुलावरून म्हणाल्या,
"घरी पोळ्यासुद्धा अशाच मोजतात."

"बाई, एक शीट कमी आहे.
सापडेपर्यंत गेट उघडणार नाही.
तुमची सही लागेल."

हाताशी होता तो लॅबचा रिपोर्ट,
त्याच्या पाठीवर केली सही.
"तारीख?" तारीखही टाकली.
पाच मिनिटं डोळा लागला.
मग पुन्हा, एक कमी आहे.
मी पलंगाखाली वाकून बघितलं.
हसाल तुम्ही, पण खरंच शोधलं :
एक चप्पल, कापसाचा बोळा, सुकलेला द्राक्षाचा मणी.

पहाटे एकशे सतरा.
नाशिकरोडकडून गाडीचा भोंगा आला
तेव्हा बोटं थांबलेली.

दुसऱ्या संध्याकाळी मी आले, एकशे एकवीस,
चष्मा लावून बसलेले, चहात साखर कमी म्हणून नाराज.
तिसऱ्या संध्याकाळी अठ्ठावीस, आणि घरी.
"सिस्टर, परवा रात्री कोण होतं इथं?
फार छळलं म्हणे मी तिला."
"दुसरी होती," मी म्हणाले.

त्यांनी डिस्चार्जचे कागद घेतले.
अंगठा, तर्जनी, अंगठा, तर्जनी.
"यादीत सहा लिहिलेत. हे पाच आहेत."

एकशे तेराचा रिपोर्ट माझ्या खिशात होता,
चार घड्या घातलेला.

पलंग सातवर नवी चादर चढत होती,
ओझरहून आलेली धापेची मुलगी स्ट्रेचरवर वाट बघत होती.
सुमनताई पिशवी घेऊन केव्हाच बाहेर.
दार सताड उघडं.
ते उभे राहिले.