मर्वचा जीनगर

खळीत मोरचूद ढवळत होतो,
तेव्हा बदरुन्निसा बाई पिंजारी पायरी चढून आल्या,
काजीपुऱ्यातल्या, उर्दू शाळेतून रिटायर झालेल्या.
उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं पुस्तक.
सगळं सुटलंय, म्हणाल्या, पण पानं मागंपुढं करू नका हं जीनगर,
तुमच्या बाजूनं नाही, आमच्या बाजूनं उघडतं ते.

दुतोंड्या मारुती बुडाला त्या पुरात भिजलेलं.
पानोपानी गोदेची एक रेघ, चहाच्या रंगाची,
रेघेच्या वर कोरडी माणसं,
खाली ओली.

कुठली माणसं?
मर्वची. तिकडं खुरासानात.
नदी वाळूत जाऊन संपते तिथं.
हजार-बाराशे वर्षं झाली. विद्वान सगळे.

मला ती लिपी येत नाही.
बांधायचं पुस्तक वाचायचं नसतं, असं बाप म्हणायचा.
ऐकायचं नसतं, असं काही म्हणाला नव्हता.
मी उलट्या बाजूनं शिवायला बसलो, हात चुकत होता,
बाई वाचत होत्या.

सुलैम सफ्फार. म्हणजे तांबट.
दिवसा हंडे ठोकायचा, रात्री पोरांना व्याकरण.
कान गेलेले, पोरांना ओरडावं लागे.
(आमच्या तांबट आळीत तरी कोण हळू बोलतं?)
रैहाना, सूत कातणारी.
तिच्याकडं काजी येऊन पडद्याबाहेर बसत,
चाती थांबली की समजायचं, आपण चुकलो.
हिलाल कत्तान,
इथं बाईंनी चष्मा पुसला,
कापूसवाला. आमच्यातलाच म्हणा.

मग याह्या सर्राज.
सर्राज म्हणजे?
खोगीर शिवणारा. जीनगरच की.

दाभण बोटात गेलं.
माझ्या आज्यानं शेवटचं खोगीर शिवलं
त्याचं गिऱ्हाईक न्यायला आलंच नाही.
घोडे गेले, आम्ही पुस्तकांवर आलो.
चामडं तेच. टाकाही तोच.

याह्याची नोंद चार ओळींची.
बल्खला एक म्हातारा आहे, त्याला एक वाक्य ठाऊक आहे
जे दुसऱ्या कुणाला नाही, असं कानावर आलं.
हा सतरा दिवस चालत गेला.
पोचला, तर लोक म्हाताऱ्याला पुरून
हातपाय धूत होते.
शेजारी म्हणाले, आम्हाला आठवतं तसं सांगू?
नको म्हणाला. पाणी प्यायला आणि परत फिरला.
पुढं जन्मभर शिष्यांना सांगत राहिला,
ते वाक्य मी ऐकलेलं नाही.
शिष्यांनी तेही उतरवून घेतलं:
याह्यानं आम्हाला सांगितलं
की त्यानं ऐकलं नाही.

चहा आला. निवला.

पुढच्या पानावर कसरीनं नाव खाल्लेलं,
नखाएवढं भोक. उरलेलं इतकंच:
‘… वाती विकायचा, आणि खरं बोलायचा.’
मी मागून पातळ कागद चिकटवला, कोरा.
बाईंचा भाचा दारात मोटारसायकलवर बसलेला,
म्हणाला, अंदाजानं नाव टाका ना एखादं, कोण बघतंय.
आपण ऐकलेलं नाही ते, मी म्हटलं.
बाईंनी चष्म्यावरून बघितलं माझ्याकडं,
बोलल्या काही नाहीत.

पुस्तक दाबाखाली ठेवलं.
मजुरीवर थोडी घासाघीस झाली, व्हायचीच.
मंगळवारी या, म्हणालो,
हवा दमट आहे,
खळ वाळायला वेळ घेते.