मुदतवाढ

ताडीवाला रोडला, समाजमंदिरामागे आमची खोली:
दोन कपाटं, एक सतरंजी,
स्टेशनात गाडी शिरली की थरथरणारी खिडकी.
शनिवारी चार ते सहा.
वर्गणी पाच रुपये, तीही बहुतेकांची राहिलेली.

रेवण आला तेव्हा सव्वासहा झाले होते.
पुस्तक त्यानं आपटलं नाही, ठेवलं,
पण आपटल्यासारखंच.
"खोटंय हे, बाई.
पोरगं विहिरीत पडतं.
मागच्या पानावर चित्र आहे, चौघं दोर घेऊन.
कोण येतं असं?"

मी काय बोलणार.
मीच निवडलेलं, अप्पा बळवंत चौकातून,
हुज्जत घालून सूट मिळवलेली.
पुस्तकातल्या मुलांना मित्र असतातच,
आणि मित्रांकडे दोर.
लिहिणाऱ्याला दोर फुकट मिळतो.

याचा बाप ससूनला, पाच आठवडे.
आई रात्री तिथं, दिवसा चार घरची भांडी.
हा धाकटीला सांभाळत
कुकरच्या शिट्ट्या मोजायला शिकला.

"दंड किती?"
मुठीत दहाची नोट, घामानं मऊ.

मी रजिस्टर फिरवून त्याच्याकडे केलं.
पाच शनिवार,
पाचही वेळा त्याच्या नावापुढे 'मुदत वाढवली'
आणि सही.
पहिली निलोफरची, ती र ला शेपूट काढते.
दुसरी नि तिसरी जोएलची, मुद्दाम वेगवेगळ्या,
मला कळू नये म्हणून.
चौथीत 'रेवन', बाणातला ण सोडून नळातला न:
हा अक्षदाचा भाऊ, अजून दुसरीत आहे.
पाचवा नुसता अंगठा, शाईचा नाही, चिंचेचा.
कोणाचा ते मी विचारलं नव्हतं.

त्यानं प्रत्येक सहीवरून बोट नेलं.
अंगठ्यावर थांबला.
"मी कुणाला सांगितलं नव्हतं."
"हं."
"तरीच," म्हणाला,
आणि पुढे काही नाही.

नोट खिशात गेली.
सहावी सही त्यानं स्वतः केली,
ण चा दांडा कागद फाटेल इतका दाबून.

पुस्तकात खूण होती, एकसष्टाव्या पानावर,
केसपेपरची दुमडलेली पट्टी.
पायरीवर बसून त्यानं तिथूनच उघडलं.
मी कुलूप हातात घेऊन उभी.

निलोफर आली, कडेवर धाकटी.
काही न बोलता शेजारी टेकली.
गाडी शिरली, खिडकी थरथरली.
धाकटी पानावर वाकून म्हणाली,
"पानी किती हाये आत?"