शेपूट नसलेली घोरपड

पहिला होता गुण्या.
नागदेवी स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, वजनकाट्याखाली
टेकू म्हणून सरकवलेला.
एकतीस वर्षं मी फळ्यावर काटकोन काढले,
हातात धरला तो त्या दिवशी.
पात्यावर पेराएवढा ठसा : एक घोरपड,
आणि तिच्या पोटाखाली, गंजातून,
घोडपदेव, मुंबई.

मग लागलंच.
दारूखान्यात यासीनभाई विचारायचे,
‘कुठल्या हॉटेलच्या भिंतीसाठी, मॅडम?’
मी गोणीत कोपरापर्यंत हात घालून उभी.
किडकं वांगं बोटाला कळतं
तशी घोरपड कळायला लागली.
पाने सात. पटाश्या चार, त्यातली एकच मुठीसकट.
एक रंधा, त्याच्या तोंडात कुणाची तरी
सागाची शेवटची ढलपी.
एक पकड, जिचा जबडा मिटतच नाही.
रॉकेल, काथ्या, जुना टूथब्रश, शिवणयंत्राचं तेल.
भाऊ म्हणाला, ताई, तुझ्या घराला गॅरेजचा वास येतो.
येतो.

कारखान्याच्या जागी आता बत्तीस मजले आहेत.
वॉचमन म्हणाला, घोरपड? इथे?
आणि काठी शोधायला लागला.
मालकांची नात फोनवर म्हणाली,
आजोबा बहुतेक कुलपं बनवायचे.

काही नगांवर घोरपडीला शेपूट नव्हतं.
कमी सापडायचे, म्हणून मी जास्त मोजायची.
त्यांना वेगळा कप्पा, मऊ फडकं.
वहीत लिहिलं : दुर्मिळ. बहुधा सुरुवातीचा ठसा.

धोंडू शिगवण आले ते यासीनभाईंचा निरोप घेऊन.
ऐंशीच्या पुढचे. जिन्यानं दमलेले.
पाणी नको म्हणाले, चहा चालेल.
‘ठसा मारायला होतो, बाई. आमचं खातंच ते.’
मी कपाट उघडलं.
दुसऱ्याच्या लग्नाचे फोटो बघावेत
तशी नजर फिरवली त्यांनी सगळ्यांवरून,
आणि बिनशेपटीच्या पान्याशी थांबले.

‘हा सुरुवातीचा ना?’
‘शेवटचा,’ म्हणाले.
‘टाळं लागलं तेव्हा अकरा महिने पगार नव्हता.
डाय तडकलेला. शेपूट उठतच नव्हतं.
फोरमननं रात्री मागचं दार लोटून ठेवलं,
म्हणाला, अर्धा माल पडलाय, घासा, ठोका, न्या.
मेणबत्तीवर मारला ठसा.
छापाशिवाय गिऱ्हाईक हात लावत नाही ना.’
पान्याची कड त्यांनी नखानं खरवडली.
‘माझे चाळीस होते. चाळीस पाने म्हणजे एक मार्च महिना.
हा त्यातला असेल.
नसेलही. मार्च सगळ्यांनाच होता.’

वही उघडीच होती समोर.
दुर्मिळ या शब्दावर मी बशी ठेवली.
पाना त्यांना द्यावासा वाटत होता,
पण काय म्हणून द्यायचा? परत? भेट?
सव्वातीनशे मोजले होते मी त्याचे,
घासाघीस करून.

ते उठून खिडकीशी गेले होते.
ग्रिलचा एक नट दोन वर्षं खुळखुळतोय,
मी तिथे कागदाची घडी खुपसलेली,
कपाटात सात पाने असताना.
घडी त्यांनी काढली, उलगडून पाहिली,
नववीची चाचणी, प्रमेय अर्धवट.
खिशात ठेवली की खाली टाकली, आठवत नाही.
पाना लावला, अंगठ्यानं जबडा सरकवला.
दोन वेढे.
ग्रिल गप्प.

मग पँटला पुसून पाना माझ्यापुढे धरला,
मूठ माझ्या बाजूला करून.
‘तेल फार लावता तुम्ही,’ म्हणाले.
‘घसरतो.’