हिद्द

गावाचं नाव हिद्द. माझ्या कानाला पहिल्या दिवसापासून
हद्द असंच ऐकू येतं.
तिसऱ्या मजल्यावर एसी घरघरतो.
ऑगस्टमधल्या दुपारी इथे मांजरंही गाड्यांखालून निघत नाहीत.

प्रश्न असा: जाळ्यांवर बंदी घातली तर
समुद्रगायी कमी मरतात का?
दोन हजार तीनशे चौदा शीर्षकं.
मारिसेलनं ती कुठून कुठून उपसली;
एक तर बुशहरच्या कुठल्याशा खात्याचा फारसी अहवाल,
स्कॅनमध्येसुद्धा चहाचा डाग.

मी वाचते. पलीकडच्या टेबलावर बिजॉय वाचतो तेच.
एकमेकांचं बघायचं नाही, परीक्षेसारखं.
घ्या. टाका. टाका. शंका.
जेवताना आम्ही आमसूल की कुडमपुळी यावर भांडतो,
कागदांवर नाही.

गुरुवारी फरीदूननं दोघांचे रकाने शेजारी लावले.
एकमत: शून्य दशांश एकसष्ट.
"ठीक आहे," म्हणाला, "फार जुळलं असतं
तर मला संशय आला असता."

सल्लागार मंडळ म्हणजे आठ खुर्च्या, एक थर्मास
आणि हज्जी मन्सूर.
त्यानं सुरुवातीलाच आमचा प्रश्न परत केला होता,
नीट न सांधलेलं जाळं परत करावं तसा:
जाळ्याचं विचारता, भरावाचं कोण विचारणार?
ती चरायची ते गवत कोणत्या साली बुजलं, ते विचारा.
पंधरा दिवस आम्ही प्रश्नच उसवत बसलो.
आता त्यात भराव आहे.

मग त्याचीच हकिकत आली, कुणीतरी टिपलेली, दीड पान.
पिल्लू जाळ्यात गुदमरलं.
आई तीन दिवस होडीभोवती.
बिजॉयनं लिहिलं, घ्या. मी, टाका.
निकष मीच लिहिलेत:
आधीचं हवं, नंतरचं हवं, बंदी नसलेलं पाणीही हवं.
वाद मारिसेलकडे गेला. तिनं चष्मा पुसला,
माझ्या बाजूनं निकाल दिला
आणि बराच वेळ पॅन्ट्रीतून परत आली नाही.

हज्जीला मीच सांगितलं.
"बरोबर," म्हणाला, "एका होडीवरून समुद्र ठरत नाही."
जिन्यापाशी थांबला. "तरी लिहून ठेव कुठेतरी."

ठेवलंय. परिशिष्ट तीन, ओळ एकशे सतरा.
वगळलेल्या प्रत्येकाला कारण द्यावं लागतं,
तो नियमही माझाच.
समुद्रगाय, मादी, पिल्लासह. हिद्द.
कारण: तुलना नाही.