बांधावरचा डबा

मष्णूच्या आणि माझ्या जमिनीमध्ये
हातभर बांध आहे.
त्यावर तीन काजू, एक करवंदाची जाळी
आणि सर्व्हेवाल्यांनी रोवलेला दगड,
ज्यावरचा आकडा आता दोघांनाही वाचता येत नाही.
जाळीपलीकडे जंगल सुरू होतं
ते जांबोटीवरून थेट घाटाच्या कड्यापर्यंत.

थंडी पडली की तिथून भेकर येतं
माझ्या रताळ्यांच्या वेलांवर.
कुत्र्यासारखं भुंकतं, पण एकेकदाच,
मध्ये थांबून,
कुणी उत्तर देतंय का ते ऐकत.
मग मष्णूच्या बाजूला बॅटरी लागते.
मग आवाज.
मग बराच वेळ काहीच नाही.

सकाळी त्याची बायको डबा आणून देते.
"वाटा हाय," म्हणते.
कसला ते ती सांगत नाही, मी विचारत नाही.
आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत,
म्हणून मी त्यात रताळी भरून देते,
भेकराच्या तोंडातून वाचलेली.
सात वर्षं असंच चाललंय.
डबा मुळात कुणाचा, तेही आता आठवत नाही.
खोटं कशाला बोलू,
रस्सा चांगला होतो.

यंदा थ्री फेज रात्री दोनला येते.
सुवर्णा मोटर चालू करायला जाते,
हातात बॅटरी घेऊन.
लांबून बघणाऱ्याला
बॅटरी आणि डोळा सारखाच चमकतो.

सोमवारी मोटरच्या खोपीच्या दारात
पाच भोकं दिसली,
तिच्या खांद्याच्या उंचीवर.
मी एकेकात बोट घालून बघितलं.
पाचव्यात छर्रा अजून रुतलेला होता.

मष्णू अंगणात चिवा तासत बसला होता.
"जनावर काय उतारा बघून पळतंय व्हय, वैनी?"
"आणि गोळी? ती बघून येते?"
तो हसला. मग हसायचा थांबला.
कोयत्यावरचा भुसा अंगठ्यानं पुसत म्हणाला,
"तुझी रताळी कोण राखलं एवढी वर्सं?"
ह्यावर मी काहीच बोलले नाही.
पदर सावरला आणि घरी आले.

बुधवारी फॉरेस्टचा नवा गार्ड आला,
बागलकोटकडचा, पोरसवदा,
आमच्या चिखलात बूट सांभाळत.
जाळीत केस अडकले होते, थोडं रक्त होतं,
नेमकं दगडाच्या अलीकडे, माझ्या बाजूला.
"यारु होडेदरु?"
मष्णू काजूखाली उभा राहून
तंबाखू मळत होता,
तंबाखूला लागतो त्याहून जास्त वेळ.
"गोत्तिल्ल री," मी म्हटलं.
मराठीत खोटं बोलताना माझी जीभ अडते.
बाजारातली ती भाषा,
खानापूरच्या रविवारी उचललेली,
सुट्ट्या पैशांसारखी पटकन हाताला लागली.
गार्डनं वहीत काहीतरी लिहिलं.
पाणी मागितलं, प्यायला, गेला.

त्या रात्री भेकर भुंकलं
तेव्हा मी परात घेऊन बांधावर गेले
आणि उलथन्यानं बडवत राहिले,
शेजारची सगळी कुत्री जागी होईपर्यंत.
काळोखात काहीतरी धाडधाड पळालं.
मष्णूची बॅटरी लागली.
माझ्या पायांवरून वर आली,
तोंडावर थांबली.
मी डोळे मिटले नाहीत.
मग ती विझली,
आणि मला बराच वेळ
हिरवे ठिपकेच दिसत राहिले.

तीन रात्री असंच.
वेल वाचले, झोप गेली.
मष्णूची बायको विहिरीवर
माझ्याआधी पाणी भरून जाऊ लागली.

चौथ्या दिवशी दगडावर डबा होता,
राखेनं लख्ख घासलेला.
रिकामाच वाटला. उचलला
तर आत खुळखुळलं.
एक छर्रा.
खोपीच्या दाराशी जाऊन बघितलं,
पाचवं भोक मोकळं होतं.
कधी आला, चिमट्यानं काढला की चाकूनं,
आणि काढून मला का दिला?

"काय आहे गं त्यात?" सुवर्णानं विचारलं.
"गोत्तिल्ल," मी म्हटलं,
आणि रताळी धुवायला घेतली,
डब्यात मावतील एवढी.