रोहूला जठर नसतं

विजापूर वेशीजवळ मल्लव्वा मासे कापते.
मी तिच्याकडून आतडी विकत घेते.
पहिल्या दिवशी ती हसली होती:
लोकं मांस नेतात, घाण हितंच टाकतात,
आणि तू घाणीचे पैसे देतीस, बाई?
मग मांजरांना शिव्या घालत
तिनं माझ्या डब्यात बर्फ भरला.

तीन वर्षं झाली.
मधे एकदा मी तिला सांगितलं,
रोहूला जठर नसतं.
गळ्यापासून सरळ आतडंच, अंगाच्या कितीतरी पट लांब,
वेटोळी घालून बसवलेलं,
गिरणीच्या चाळीत एका खोलीत सात माणसं बसवावीत तसं.
"पोटच न्हाई? मग पोटासाठी
कशाला वणवण करतंय ते?"
मल्लव्वानं सुरीवर पाणी मारलं.

आतड्याच्या भिंतीत काही पेशी असतात,
विरळ,
मध्यरात्री गल्लीत एखाददुसरी खिडकी जागी असावी तशा.
पेंडीचा कण येतो, तेलाचा अंश येतो,
त्या चाखतात
आणि रक्तात निरोप सोडतात.
नाव कोलेसिस्टोकायनिन.
लिहायला अर्धी ओळ लागते, म्हणणं मात्र थोडकं:
पित्ताला, ये.
स्वादुपिंडाला, जे रोहूत एका जागी नसतंच,
यकृतात, चरबीत सांडलेलं असतं, त्यालाही, ये.
आतड्याला, जरा दमानं.
आणि वर मेंदूला,
पुरे.

तो पुरे मी मोजते. पिकोग्रॅममध्ये.
भारनियमनात फ्रीजर दोनदा वितळला,
पहिल्या वर्षाचे पुरे सगळे
फरशीवरून मोरीत गेले.

मार्चमध्ये हिप्परग्याचा माल आला होता.
मल्लव्वानं एक मासा उभा चिरला,
अंगठ्यानं पित्ताची पिशवी अलगद उचलली.
गर्द हिरवी, जांभळाएवढी, तट्ट.
"हे दोन दिवस उपाशी हाय बघ.
जाळ्यात कोंडून ठिवलं असंल.
खाल्लेल्या माशाची पिशवी चिंचोक्यावानी."

कुणी सांगितलं तुला?

"कोण सांगणार? फुटली की मासा कडू,
आणि गिऱ्हाईक मलाच बोलतंय."

माझ्या आलेखात तेच होतं,
चार महिने उशिरा.
मी तिचं नाव तळटीपेत घातलं.
सरांनी खोडलं. मी परत घातलं.
तेव्हा लक्षात आलं, आडनाव विचारायचं राहिलंय.

"माणसात असतंय का हे, पुरे म्हणणारं?"
असतं. जवळजवळ तसंच.
तिनं रस्त्यापलीकडं उभ्या
तलावाच्या ठेकेदाराच्या नव्या गाडीकडं बघितलं.
"सगळ्यांच्यात?"

दुपारी तिनं कडक भाकरी पुढं केली,
वर शेंगाचटणी.
मी एक तुकडा मोडला, मग दुसरा,
मग तिच्या वाट्याचाही.
निरोप वर पोचायला वेळ लागतो,
हे मला चांगलं ठाऊक आहे.
डब्यातला बर्फ पाणी व्हायला लागला होता
आणि मी अजून
खातच होते.