करंगळी

आमच्या घरात नेलपॉलिशची बाटली होती,
पण नखांसाठी नव्हती.
परातीच्या पाठीला एक ठिपका, पातेल्याच्या काठाला एक,
डब्याच्या झाकणाला आतून.
मांड्यांबरोबर गेलेली भांडी लग्नघरी हरवू नयेत म्हणून.
अमळनेरात कुणाच्याही फडताळात लाल ठिपका निघाला
की लोक म्हणतात, हे केवळबाईचं, द्यायचं राहून गेलं.

नखं मात्र चाळीस वर्षं
मांसाला लागून कापलेली.
आईने पीठ नंतर हातात दिलं, ब्लेड आधी.
'नखे कापी टाक, नही ते मांडा फाटी जाई.'
मांडा हातावर फिरतो, कोपराकडे पसरत जातो,
पलीकडची चूल दिसावी इतका पातळ होतो.
तेव्हा नखाची कोर नुसती लागली तरी चीर,
आणि पुरण खापरावर सांडून
गल्लीभर सांगत सुटतं.

यंदा आखाजी झाली, ऑर्डरी सरल्या,
आणि मी दगडी दरवाजाच्या अलीकडे
मोबाइलच्या दुकानावरचा जिना चढले.
कुणाचं लग्न नव्हतं.
कुणाला सांगितलंही नव्हतं.

नगमा तडवी, चोपड्याची, असेल बाविशीची.
तिने माझे हात कोमट पाण्यात ठेवले.
मी दोनदा बाहेर काढले.
वाटलं, पाण्यात काही घासायचं असेल.
'मावशी, हा डाग कशाचा?'
'खापर.'
'आणि हा?'
'तेही खापर.'
मग तिने विचारलं नाही. लाकडी काडीने
नखाच्या मुळाशी हळू कोरत राहिली,
जशी मी पुरणातून न शिजलेली डाळ वेचते.

नंतर डबा उघडला.
दहा-दहाच्या ओळीत नखं, कुणाचीच नसलेली.
हा बदाम, हा चौकोन, ह्याला कॉफिन म्हणतात.
'म्हणजे काय गं?'
'माहीत नाही. चालतं खूप.'
दीड हजार. पंधरा दिवस. मग पुन्हा भरून घ्यायची.
मी मनात हिशेब केला :
वीस-बावीस मांडे, आणि पंधरा दिवस हात रिकामे.
माझा चेहरा तिला वाचता आला असावा.
'एकच लावते. डाव्या करंगळीला. पैसे नको.'

रंग जांभळा,
आमच्या भरिताच्या हिरव्या वांग्यांना
जन्मात न आलेला.

घरी कुणी पाहिलं नाही.
म्हणजे सुनेने पाहिलं, बोलली नाही,
रात्री भांडी झाल्यावर दिव्याखाली
स्वतःचीच बोटं उलटीसुलटी करत बसली.
मी अंधारात पलंगाच्या लोखंडावर
टक्, टक् वाजवून बघितलं.
माझ्या हाताला आवाज असतो,
हे मला ठाऊक नव्हतं.

पाचव्या दिवशी पारोळ्याहून बोरसेंचा फोन,
डोहाळजेवण, तीस मांडे, नाही म्हणू नका.
नाही म्हटलं नाही.
करंगळी वर धरून केले,
पाहुण्यांकडे बशीतला चहा पितात तशी.
एकोणतीस धड उतरले. तिसावा फाटला,
तो चुलीपुढे बसून मी खाल्ला, गरम, तुपाशिवाय,
आणि आणखी एक केला.

गाडी गेली. परात घासताना बघते,
करंगळी बोडकी.
राख चाळली. कणीक कुस्करली. मोरीची जाळी उचलली.
सुनेने खराटा घेतला, काय शोधतोय हे न विचारता.
तीस मांडे, पारोळ्याची चाळीस माणसं,
आणि एक गर्भार पोरगी पहिला घास घेणार.

संध्याकाळी फोन वाजला. बोरसेबाई.
मी उभीच राहिले.
'मांडे झकास झाले हो.
तुमचं एक ताट राहिलं इकडे, लाल ठिपक्याचं.'
'बरं. आणिक काही?'
'आणिक काय होतं?'
'काही नाही,' मी म्हटलं,
'काही नाही. ताट सावकाश पाठवा.'